शेडमधे भिंत घालून दोन फर्म केल्या तर सेफ्टीच्या कायद्यातून सुटतो का? आणि मुळात सरकारचं यात काम काय?

प्रेसशॉपवाल्याचा_पोरगा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

भोसरीला आमचं छोटं प्रेसशॉप आहे, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढायच्या प्रेस मशीनचं वर्कशॉप. बाबांनी दोन सेकंडहँड प्रेसवर चालू केलेलं, आता सहा आहेत, सगळ्यात मोठी १०० टनी. माणसं २६, त्यातली ११ ठेकेदाराची. काम सगळं टू-व्हीलरचं, ब्रॅकेट, क्लिपा, वॉशर असलं. थेट कंपनीला नाही देत, आमच्या वरच्या वेंडरला देतो आणि तो कंपनीला, त्यामुळे रेट पण तोच ठरवतो.

तर झालं अस की गेल्या महिन्यात इन्स्पेक्शन झालं आणि प्रेसना गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावतात तो आडोसा) नाहीत म्हणून कागद हातात पडला. लाईट कर्टनचं, म्हणजे मधे हात आला की मशीनला थांबायचा सिग्नल देणाऱ्या प्रकाशाच्या पडद्याचं, कोटेशन मागवलं तर आकडा बघून बाबा दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग आमचे सीए म्हणाले की नवीन कोडात, म्हणजे सुरक्षेच्या नव्या कायद्यात, २० च्या खाली माणसं असली की फॅक्टरी धरत नाहीत, तेव्हा शेडच्या मधे भिंत घाला, अर्धी फर्म आईच्या नावावर करा, १३-१३ माणसं दाखवा, विषय संपला.

खरं सांगतो मला पण ते पटलं होतं. कारण मला कळत नाही की सरकारला यात पडायचं कारण काय. कोणत्या मालकाला वाटतं आपल्या माणसाची बोटं तुटावीत? माझा बाप रोज त्यांच्याबरोबर बसून डबा खातो, खंडेनवमीला प्रत्येक मशीनला स्वतः झेंडू घालतो. एखाद्याला लागलं तर रात्रभर दवाखान्यात बसणारा माणूस आहे तो. आणि कामगार पण लहान पोर नाही, प्रेसमधे हात घातला तर काय होतं हे त्याला इन्स्पेक्टरपेक्षा जास्त माहिती. मग मालक आणि कामगार दोघांना कळतंय तर तिसऱ्याने येऊन सांगायची गरज काय? त्यापेक्षा आमच्या गल्लीतला रस्ता करा म्हणावं, पावसाळ्यात टेम्पो अडकतो.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे विचारतोय. कागद आल्यानंतर दोनच दिवसांनी ६३ टनीवर एका पोराच्या हातमोज्याचं टोक डायमधे, म्हणजे पत्रा दाबायच्या साच्यात, गेलं. बोट वाचलं, फक्त मोज्याचं टोक चपटं होऊन पीसला चिकटून बाहेर आलं. मी जाऊन बघितलं तर टू-हँडचं, म्हणजे दोन्ही हातांनी दाबायच्या दोन बटणांतलं, डावं बटण दाबूनच बसलेलं, त्याच्या फटीत आगपेटीची काडी. म्हणजे तो एका हाताने चालवत होता.

तर दोन प्रश्न. भिंत घालावी का? आणि हा सगळा कायदा नक्की कशासाठी आहे, कोणीतरी सरळ सांगा, भाषण नको.

---

चाकणचा_लघुउद्योजक

घाल भिंत. विचार काय करायचा त्यात.

बावीस वर्षं झाली मला धंद्यात. एकदा एक साहेब आले होते, तेव्हा माझ्या ग्राइंडरला गार्ड नव्हता हे मला माहिती होतं, मनात धाकधूक. साहेबांनी मशीनकडे बघितलं पण नाही. फर्स्ट एडची पेटी उघडली, टिंक्चरची तारीख बघितली, रजिस्टरवर सही नाही म्हणाले, रंग कधी दिला भिंतीला त्याची नोंद दाखवा म्हणाले. मग चहा, मग बिस्किट, मग जे असतं ते. गेले. ग्राइंडर तसाच. आता मला सांगा यातून कोणाची सुरक्षा झाली? रंगाची झाली.

सेफ्टी मनातून यायला पाहिजे, वरून लादून येत नाही. आणि तुझ्या कामगाराला शहाणपण नाही म्हणून काडी घातली त्याने, त्याला सरकार काय करणार, काड्यांवर बंदी आणणार का?

---

सेफ्टीवाला_पिंपरी

१७ वर्षं सेफ्टी ऑफिसर म्हणून नोकरी केली आहे, आधी केमिकल मग ऑटो. आधी भिंतीचं.

१९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमधे विजेवर चालणाऱ्या कारखान्याला १० माणसांची मर्यादा होती. २०२० चा जो सुरक्षा-आरोग्याचा कोड आहे, जो २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला, त्यात ती २० झाली. इथवर तुमच्या सीएचं बरोबर. पण त्याच कोडात नुसती फॅक्टरी नाहीये, आस्थापना अशी वेगळी व्याख्या आहे आणि तिला १० माणसं पुरतात. कामाची जागा धोक्याविना ठेवायची ही मालकाची जबाबदारी आस्थापनेला पण लागते. म्हणजे १३-१३ करून तुम्ही काही फॉर्म वाचवाल, जबाबदारी तिथेच. ईएसआयला, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याला, पण १० च लागतात. आणि उद्या काही झालं आणि प्रकरण कोर्टात गेलं तर वकील पहिला प्रश्न विचारेल की भिंत कधी घातली. इन्स्पेक्शनच्या कागदानंतर महिन्याभरात घातलेली भिंत म्हणजे तुम्हाला धोका माहिती होता याचा पुरावाच तुम्ही विटांनी बांधून ठेवला. माणूस दगावला तर नव्या कोडात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख दंड किंवा दोन्ही, गंभीर इजा झाली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन ते चार लाख दंड किंवा दोन्ही, आणि दंडातली निम्मी तरी रक्कम त्या माणसाला किंवा घरच्यांना द्या अस कोर्ट सांगू शकतं.

आता लाईट कर्टन. तुमची प्रेस की-क्लचची आहे का फ्रिक्शन क्लचची ते आधी बघा. सेकंडहँड जुन्या प्रेस म्हणजे बहुतेक की-क्लचच असणार. त्या प्रेसला एकदा स्ट्रोक सुटला की तो पूर्ण फेरी मारूनच थांबतो, मधे थांबायची सोयच नाही. लाईट कर्टनने हात बघितला आणि सिग्नल दिला तरी रॅम, म्हणजे वरून दाबणारा भाग, खाली येणारच. फ्रिक्शन क्लच असेल तरच कर्टनचा उपयोग आणि तेव्हा पण कर्टन डायपासून किती लांब लावायचा हे प्रेस थांबायला किती वेळ घेते त्यावर ठरतं, चिकटवून लावला तर नुसते दिवे. कोटेशन देणाऱ्याने हे विचारलं नसेल तर त्याला दारातून परत पाठवा.

की-क्लचला साधा उपाय म्हणजे डायला चारी बाजूने फिक्स जाळी, पट्टी आत जायला फट ठेवायची पण ती इतकी बारीक की बोट जाणार नाही. सेकंड ऑपरेशनला जिथे एकेक पीस ठेवावा लागतो तिथे सरकता ट्रे करा, पीस बाहेर ठेवायचा आणि ट्रे आत ढकलायचा. हे तुमच्याच टूलरूममधे होतं, कोटेशनच्या आकड्याशी त्याचा काही संबंध नाही.

काडीचं म्हणाल तर ते वायरिंग चुकलंय. नुसती दोन पुश बटणं सिरीजमधे जोडली की काडी चालते. चांगल्या टू-हँड रिलेला दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली तरच स्ट्रोक मिळतो आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडावी लागतात. एक बटण दाबून ठेवलं की मशीन मरतं. ते तातडीने बदलून घ्या, पण त्याच्या भरवशावर जाळी टाळू नका.

---

निवृत्त_फिटर

पोरा तू सरळ विचारलंस म्हणून सरळ सांगतो. माझं वय आता ६२. १९८७ साली मी २३ चा होतो, पिंपरीत एका कंपनीत प्रेसवर. नाव नाही सांगत, कंपनी बंद पण झाली.

की-क्लचची प्रेस कधीकधी डबल स्ट्रोक मारते हे तुला माहिती असेल. म्हंजे तू एकदाच ट्रिप केलीय, स्ट्रोक झाला, रॅम वर गेला, तू पीस काढायला हात घातला आणि ती परत खाली येते, कारण आतली स्प्रिंग दमलेली असते नाहीतर की झिजलेली असते, क्लच सुटतच नाही. आमची प्रेस तीन दिवस तसं करत होती. मेंटेनन्सच्या माणसाने सुपरवायझरला सांगितलं होतं, सुपरवायझरने वर सांगितलं होतं. वरनं काय आलं? संध्याकाळी डिस्पॅच आहे, उद्या बघू. आणि ते काही वाईट लोक नव्हते बरं का. मला ज्याने गाडीत घालून नेलं तो तोच साहेब ज्याने उद्या बघू म्हणलं होतं. स्वतःचा रुमाल बांधला त्याने माझ्या हाताला. म्हणून तू जे लिहिलंस ना की बाप दवाखान्यात रात्रभर बसेल, ते मला पटतं. बसेल तो. मी पण तसल्याच माणसाच्या हाताखाली काम केलंय.

प्रेस अर्धा दिवस बंद ठेवायची का नाही हे ठरवणारा एक आणि बोट दुसऱ्याचं. त्याने वाचवला अर्धा दिवस, तो त्याच्या हिशोबात दिसला. माझं बोट त्याच्या कुठल्याच हिशोबात नव्हतं.

आता बोटाचा हिशोब पण सांगतो, कारण तो असतो हे लोकांना माहितीच नसतं. १९२३ चा जो कॉम्पेन्सेशनचा कायदा, त्याला कोष्टक जोडलेलं होतं. अंगठा पूर्ण गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली. तर्जनी पूर्ण १४. मधलं बोट १२. करंगळी नाहीतर अनामिका ७. एका हाताची चारी बोटं गेली तर ५०. माझी तर्जनीची दोन पेरं गेली, त्याचे ११. दवाखान्यातल्या बाबूने मला वाचून दाखवलं तेव्हा मला हसूच आलं, म्हटलं म्हंजे मी आता ८९ टक्के. ईएसआय होतं म्हणून पैसे मिळाले, नाहीतर ते पण नाही. पण भात कालवून घास उचलायचा तर तर्जनीचं काय काम असतं हे कोष्टकात नाही लिहिलेलं. आजपण आमटी-भात मी चमच्यानेच खातो, पाव्हण्यांसमोर लाज वाटायची आधी.

आणि कामगाराला कळतंय म्हणतोस, बरोबर आहे, मला पण कळत होतं की ती प्रेस खराब आहे. तीन दिवस कळत होतं. मग मी नाही का म्हटलं नाही? कारण गेटवर रोज सकाळी दहा पोरं उभी असायची. तुझ्याकडच्या त्या ११ ठेकेदाराच्या पोरांपैकी एकाने उद्या सांगून बघावं की मी या मशीनवर हात घालणार नाही, परवा तो दिसेल का तुझ्याकडे? तू काढणार नाहीस, ठेकेदार काढेल. तुला कळणार पण नाही, तुला वाटेल गावाला गेला.

अजून एक, कोणी बोलत नाही ते. कान. बोट गेलेलं सगळ्यांना दिसतं, रक्त येतं, आरडाओरडा होतो. प्रेसशॉपमधे २५ वर्षं काढल्यावर माझा डावा कान गेलाय आणि उजवा अर्धा, तो कधी गेला हे मलाच माहिती नाही. बायको म्हणते टीव्ही बारीक करा, मला तो मोठा वाटतच नाही. आठ तासाला ९० डेसिबलची हद्द नियमात आहे, आवाज ९५ झाला की चारच तास थांबायचं. आमच्यात कोणी मोजलं होतं? ज्या मालकाकडे कान गेला तिथे मी आता नाही, तो मालक पण नाही. कुठला मालक वीस वर्षांनी होणाऱ्या बहिरेपणाचा आज खर्च काढेल? मनातून यायला पाहिजे म्हणणाऱ्या चाकणच्या साहेबांना विचारतो, कानाची मशीन काय भावाने मिळते ते बघून या.

---

चाकणचा_लघुउद्योजक

काका तुमच्या बोटाबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण मी खोटं काय बोललो? इन्स्पेक्टर आला आणि रंग बघून गेला ही माझी चूक का?

---

सेफ्टीवाला_पिंपरी

तुमची चूक नाही, पण तुम्ही त्यातून उलटा निष्कर्ष काढताय. ट्रॅफिक हवालदार पावती न फाडता सोडतो म्हणून सिग्नल काढून टाका अस कोणी म्हणत नाही. तो इन्स्पेक्टर निकामी होता, तर ग्राइंडरचा गार्ड तपासणारा चांगला इन्स्पेक्टर मागा. तुम्ही तर खुशच झालात की त्याने बघितलं नाही :)

आणि एक गोष्ट मालकांच्या बाजूने पण सांगतो. कॉम्पेन्सेशनच्या कायद्यात मालकाला एक बचाव आहे, कामगाराने गार्ड असताना तो जाणूनबुजून काढला किंवा दुर्लक्ष केलं आणि त्यामुळे लागलं तर मालक जबाबदार नाही, मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर मात्र हा बचाव चालत नाही. आता प्रत्येक अपघातात मालक हेच म्हणतो, त्यानेच काढला. मी स्वतः चौकशा केल्यात, नेहमी बघायला मिळतं की गार्ड काढलेला असतो खरा पण तो महिनोन्महिने कपाटावर धूळ खात पडलेला असतो आणि सुपरवायझर रोज त्याच्या खालून जातो. रोज डोळ्यासमोर चालतं आणि कोणी हटकत नाही तर त्याला परवानगीच म्हणतात.

---

प्रेसशॉपवाल्याचा_पोरगा

काका, वाचून गप्प बसलो थोडा वेळ. भिंतीचा विषय बंद, घरी पण सांगितलं.

पण माझी खरी अडचण रेटची आहे. जाळी आणि ट्रे लावला तर आम्ही ट्रायल घेतली एका डायवर, शिफ्टला ३५०० पीस निघायचे ते २९०० वर आले. आम्हाला मिळतात स्ट्रोकला ५५ पैसे. शेजारच्या शेडमधला माणूस विनाजाळी ५० पैशात करायला तयार बसलाय, वेंडर मला रोज त्याचं नाव घेऊन घाबरवतो. मी जाळी लावली की काम त्याच्याकडे जाणार, बोटं तिकडे तुटणार आणि माझी २६ माणसं घरी. यात मी चांगला वागून काय मिळवलं?

---

सेफ्टीवाला_पिंपरी

तुझ्या "कायदा कशासाठी" चं उत्तर तूच दिलंस आत्ता.

तुझा ५५ पैशाचा रेट कुठून आला? वेंडरने कॉस्टिंग शीटमधे तासाला इतके स्ट्रोक धरले, आणि ते स्ट्रोक विनाजाळीचे धरले. म्हणजे त्या रेटमधे बोट आधीच विकलं गेलंय. तू एकटा जाळी लावशील तर तू मरशील, शेजारचा एकटा लावेल तर तो मरेल, म्हणून दोघे लावत नाही. दोघांना एकाच दिवशी लावायला लावणारा कोणीतरी पाहिजे, मग वेंडरला २९०० च्या हिशोबाने रेट द्यावा लागतो कारण दुसरीकडे जाऊन पण त्याला ३५०० मिळत नाहीत. हे काम ना तू करू शकतोस ना तुझी माणसं ना वेंडर. वेंडर तर मुद्दाम करणार नाही.

तेव्हा इन्स्पेक्टर तुझ्याकडे आला यावर चिडू नको, शेजारच्याकडे का गेला नाही यावर चीड. आणि तक्रार करणाऱ्याचं नाव उघड करायचं नाही हे जुन्या फॅक्टरी अ‍ॅक्टमधे पण इन्स्पेक्टरवर बंधन होतं, इतकंच सुचवतो.

---

गिरणगावचा_नातू

मधे पडतो, आजोबा लोअर परळला गिरणीत होते म्हणून हा विषय घरचा.

हे १० माणसं, २० माणसं हा खेळ आजचा नाही. आपल्याकडचा पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा, तो १०० किंवा जास्त माणसांच्या कारखान्यालाच लागू होता. आणि त्यात काय होतं तर सात वर्षांच्या आतल्या पोराला कामावर ठेवायचं नाही, सात ते बारा वयाच्या पोराकडून नऊ तासांच्या वर काम घ्यायचं नाही, आणि धोक्याच्या मशीनला कुंपण घालायचं. सात वर्षं!! म्हणजे माझी मुलगी आत्ता दुसरीत आहे तेवढं पोर कायद्याने गिरणीत चालत होतं. मोठ्या बायकामाणसांच्या तासांबद्दल एक शब्द नाही.

तेव्हा पण मुंबईचे गिरणीमालक म्हणायचे की यात सरकारने पडू नये, हा सगळा मँचेस्टरवाल्यांचा डाव आहे, आपला धंदा मारायला. आणि गंमत म्हणजे ते पूर्ण खोटं नव्हतं, लँकेशायरच्या मालकांचा खरंच तसा दबाव होता. पण हेतू कोणाचा का असेना, गिरणीतल्या माणसाला सुट्टी पाहिजे होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मधे कामगारांच्या सभा घेऊन मागण्या मांडल्या, आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्धा तास विश्रांती, आणि कामावर जखमी झाला तर बरा होईपर्यंत पगार. १८९० च्या जूनमधे मुंबईच्या मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली, १०० ची मर्यादा ५० वर आली. पोरांचं वय सातचं नऊ झालं.

मर्यादा तेव्हा खाली येत होती, १०० वरून ५०, नंतर २०, मग १०. आता १० वरून परत २० वर गेलीय. मी काही बोलत नाही.

---

डोंबिवलीकर_ताई

सगळे मालक आणि कामगार असं बोलताय, तिसरे आम्ही पण आहोत म्हणून लिहिते. २६ मे २०१६ ला आमच्या इथे एमआयडीसीत स्फोट झाला, २३ मे २०२४ ला परत एका केमिकल कारखान्यात झाला. दोन्ही वेळा मी घरात होते. दुसऱ्या वेळी गॅलरीच्या काचा आत आल्या, कुकर लावलेला होता, मला पहिल्यांदा वाटलं कुकरच फुटला. आमचा त्या कारखान्याशी काय करार होता? आम्ही तिथे नोकरीला नाही, मालकाबरोबर डबा खायला बसत नाही.

भोपाळला १९८४ च्या डिसेंबरात जे झालं त्यानंतर १९८७ मधे कायदा बदलला आणि त्यात पहिल्यांदा असं आलं की धोक्याच्या कारखान्याने आत काय साठवलंय आणि काय झालं तर काय करायचं ही माहिती कामगारांना तर द्यायचीच पण आजूबाजूला राहणाऱ्यांना पण द्यायची. मला इतक्या वर्षात एक पत्रक मिळालेलं नाही. तुमच्या ब्रॅकेटच्या प्रेसने काही माझ्या काचा फुटणार नाहीत, ते मान्य. पण "मालक-कामगार बघून घेतील" हे वाक्य ऐकलं की मला तो कुकर आठवतो.

---

श्टुटगार्टहून_बापू

इथे मी पण प्रेस लाईनवरच आहे. जर्मनीत १८८४ पासून अपघात विमा सक्तीचा आहे, त्याचा हप्ता पूर्ण मालक भरतो, कामगाराकडून एक पैसा नाही. विमा चालवणारी संस्था उद्योगाप्रमाणे वेगवेगळी, आणि तिचेच लोक कारखान्यात येऊन मशीन तपासतात, कारण पैसे त्यांना द्यावे लागणार असतात. त्यामुळे माणूस भिंतीचा रंग बघत नाही, थेट डायकडे जातो. चाकणच्या साहेबांना हे आवडेल अस वाटतं. सरकारी इन्स्पेक्टर पण वेगळा आहेच, तो काही गेलेला नाही.

---

चाकणचा_लघुउद्योजक

हे आवडलं. हप्ता भरीन, पाकीट नाही भरणार.

आणि पोरा, तुला भिंत घाल म्हणालो ते मागे घेतो. ग्राइंडरला गार्ड लावला होता नंतर, सांगायचं राहिलं. साहेब गेल्यावर सहा महिन्यांनी दगड फुटला आणि तुकडा पत्र्याला भोक पाडून बाहेर गेला. माणूस लघवीला गेला होता.

---

प्रेसशॉपवाल्याचा_पोरगा

अपडेट देतो. ६३ टनीला जाळी बसवली, टूलरूममधे दोन दिवसात झाली. बाकी पाचचं काम चालू आहे. की-क्लचच आहेत सगळ्या, लाईट कर्टनवाल्याला विचारलं तर तो म्हणाला "चलता है सर". परत पाठवला. ६३ टनीचा क्लच उघडला तर स्प्रिंग अर्धी मेलेली. काका, तुमची आठवण आली.

टू-हँडचा रिले मागवलाय, यायला आठवडा. तोपर्यंत मी स्वतः सगळ्या बटणांतल्या काड्या काढल्या, चार निघाल्या. सगळ्यांना उभं करून समजावलं, बाबा पण बोलले. दुसऱ्या दिवशी दुपारी राउंड मारला तर १०० टनीवर, जिथे अजून जाळी नाही तिथे, परत काडी. तोच पोरगा नाही, दुसरा. आता यांना काय करायचं सांगा.

---

निवृत्त_फिटर

ओरडू नको त्याला. त्याला पीसवर इन्सेन्टिव्ह देतोस का? किती पीसच्या पुढे चालू होतो?

---

प्रेसशॉपवाल्याचा_पोरगा

३२०० च्या पुढे.

---

निवृत्त_फिटर

जाळी लावून किती निघतात म्हणालास?

---

प्रेसशॉपवाल्याचा_पोरगा

२९००.

बाबांशी बोलतो आज रात्री.